शेजारच्या घरचा रोजा

सेलू हे तालुक्याचे गाव. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना ते लागते. कचेरीच्या कामाला, बी-बियाणे घ्यायला, कापसाचा भाव विचारायला खेड्यापाड्यांतून माणसे इथे येतात. त्यांत हिंदू असतात, बौद्ध असतात, मुसलमान असतात. आपण एका दुकानात सौदा घेतो. एका एस. टी. त दाटीवाटीने बसतो. एकमेकांची नावे आपल्याला ठाऊक असतात. एकमेकांचे सण मात्र अर्धेच ठाऊक असतात.

रमजान म्हटले की पुष्कळांना शीरखुर्मा तेवढा आठवतो. पण शीरखुर्मा येतो शेवटी. त्याआधी महिनाभर शेजारच्या घरी काय चालते? पहाटे तिथे दिवा का लागतो? दिवसभर ती माणसे पाणीसुद्धा का पीत नाहीत? या धड्यात आपण ते समजून घेऊ.

रोजा म्हणजे काय

इस्लाम धर्मात पाच मोठी कर्तव्ये सांगितली आहेत. ईश्वर एक आहे व महंमद त्याचे प्रेषित आहेत असे मानणे, हे पहिले. दिवसातून पाच वेळा नमाज पढणे, हे दुसरे. रमजानमध्ये रोजे ठेवणे, हे तिसरे. आपल्या बचतीतून गरिबांचा हिस्सा देणे, हे चौथे. त्याला जकात म्हणतात. ज्याला ऐपत आहे व प्रकृतीची साथ आहे त्याने जन्मात एकदा मक्केची हज यात्रा करणे, हे पाचवे.

रोजा म्हणजे दिवसाचा निर्जळी उपवास. पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत काही खायचे नाही. काही प्यायचे नाही. विडी नाही, तंबाखू नाही, खर्रा नाही. नवरा-बायकोचा संगही दिवसा वर्ज्य आहे.

आपल्याकडे एकादशीला साबुदाणा चालतो, भगर चालते, चहाही चालतो. हरतालिकेला कित्येक बाया पाणीही घेत नाहीत. रोजा हा दिवसापुरता हरतालिकेसारखा कडक आहे. पण सूर्य मावळला की तो सुटतो. रात्री नेहमीचे जेवण चालते. असे २९ किंवा ३० दिवस ओळीने करायचे असते.

रमजान दरवर्षी सरकतो कसा

पुष्कळ जण विचारतात, "दिवाळी दरसाल थंडीच्या तोंडाशीच येते. मग रमजान कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात, असं काऊन?"

याचे उत्तर चंद्रात आहे. मुसलमानी वर्षाला हिजरी सन म्हणतात. इ. स. ६२२ साली महंमद पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले. तिथपासून हा सन मोजतात. त्यात १२ महिने असतात. रमजान हा नववा महिना. नवा चाँद दिसला की नवा महिना लागतो. म्हणून महिना कधी २९ दिवसांचा होतो, कधी ३० दिवसांचा.

असे १२ महिने मिळून ३५४ किंवा ३५५ दिवस भरतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणजे चंद्राचे वर्ष १० ते ११ दिवसांनी लहान.

आपले पंचांगही चंद्राचेच महिने मोजते. मग आपली दिवाळी का सरकत नाही? कारण आपण मधून मधून एक महिना जास्तीचा धरतो. साधारण पावणेतीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. २०२३ साली श्रावण दोनदा आला, तो याच कारणाने. त्यामुळे मागे पडलेले दिवस भरून निघतात आणि सण आपल्या ऋतूत राहतात. हिजरी सनात असा जास्तीचा महिना नाही. म्हणून रमजान दरसाल १०-११ दिवस आधी येतो. सुमारे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून पहिल्या जागी येतो.

आता आकडे पाहा. आपल्या देशात २०२३ साली पहिला रोजा २४ मार्चला होता. २०२४ साली तो १२ मार्चला आला. २०२५ साली २ मार्चला आला. ३३ वर्षे मागे गेलो तर १९९१ सालचा रमजानही मार्च महिन्यातच सुरू झाला होता. २०३० साली तर गंमत होईल. एक रमजान जानेवारीत लागेल आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस. एका इंग्रजी वर्षात दोन रमजान!

या सरकण्यात एक न्याय आहे. रमजान कायम उन्हाळ्यात असता तर उष्ण मुलुखातल्या माणसांना जन्मभर त्रास झाला असता. फिरता महिना असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला मोठे दिवसही येतात आणि लहान दिवसही येतात.

रोज्याचा एक दिवस

पहाट फुटण्याआधी घरातले लोक उठतात आणि जेवून घेतात. या जेवणाला सहेरी म्हणतात. सहेरी झाली की मनात रोज्याचा संकल्प करायचा. त्याला नियत म्हणतात. मग पहाटेची नमाज.

सहेरीची वेळ सूर्य उगवेपर्यंत असते असे काही जणांना वाटते. तसे नाही. पूर्वेला पहिला आडवा उजेड पसरला की ती वेळ संपते. हा उजेड सूर्य उगवण्याच्या सुमारे सव्वा तास आधी येतो. जुन्या काळी घड्याळे नव्हती. कुराणात पहाटेची ही खूण धाग्यांची उपमा देऊन सांगितली आहे. एक धागा पांढरा, एक काळा. पांढरा धागा म्हणजे पहाटेची उजेडाची रेघ. काळा धागा म्हणजे रात्रीचा अंधार. आपण कापसाच्या मुलुखातली माणसे. ही खूण आपल्याला लवकर कळते.

आता घड्याळे आहेत. छापलेले वेळापत्रकही मिळते. त्यात रोजची तारीख, सहेरी संपण्याची वेळ आणि रोजा सोडण्याची वेळ असते. आपण आता वाचायला शिकलो आहोत. असे वेळापत्रक कुठे लावलेले दिसले तर ते वाचून पाहावे. वेळ रोज मिनिटा-दोन मिनिटांनी बदलते, हे ध्यानात येईल. नागपूरचे वेळापत्रक आणि मुंबईचे वेळापत्रक यांतही फरक दिसेल. नागपूर पूर्वेला आहे. तिथे सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो.

सूर्य मावळला की मशिदीतून बांग होते. मग रोजा सोडतात. त्याला इफ्तार म्हणतात. बहुधा खजूर खाऊन, नाहीतर पाण्याच्या घोटाने रोजा सोडतात. मग फळे, भजी, शरबत, ज्याच्या घरी जे असेल ते. आपल्या पानातले शेजाऱ्याला द्यायचे, वाटसरूला बसवून घ्यायचे, यात मोठे पुण्य मानतात. रात्रीच्या नमाजनंतर आणखी एक लांब नमाज असते. तिला तरावीह म्हणतात. कुराणाचे ३० भाग आहेत. त्यांना पारे म्हणतात. पुष्कळ मशिदींत तरावीहमध्ये रोज थोडे थोडे करून महिन्याभरात सगळे कुराण म्हणतात. ज्याला सारे कुराण तोंडपाठ असते त्याला हाफिज म्हणतात.

या सगळ्यात घरच्या बाईचे कष्ट फार. सहेरीसाठी ती सर्वांच्या आधी उठते. स्वतः रोजा ठेवते. दुपारी उपाशीपोटी चुलीपुढे बसते आणि संध्याकाळी सर्वांच्या पुढे ताट ठेवते. मीठ बरोबर आहे की नाही हे चाखून पाहण्याचीही तिला पंचाईत. मुलांनी आणि पुरुषांनी या महिन्यात पाणी भरावे, भाजी चिरावी, भांडी उचलावी. रोजा सर्वांचा आहे, मग काम एकटीचे कशाला?

रोजा कोणावर नाही

रोज्यात देह मोडावा असा धर्माचा हेतू नाही. लहान मुलांवर रोजा नाही. आजारी माणसाला सूट आहे. प्रवाशाला सूट आहे. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना त्रास होण्याची भीती असेल तर सूट आहे. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचा नसतो. राहिलेले रोजे पुढे सवडीने भरून काढता येतात. जो फार म्हातारा आहे किंवा ज्याचा आजार बरा होणारा नाही, त्याने एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. त्याला फिदिया म्हणतात.

आपल्याकडे उन्हाळा कसा असतो हे सांगायला नको. २०१८ साली पहिला रोजा १७ मेला होता. २०१९ साली ७ मेला होता. विदर्भात त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. आपल्या भागात मे अखेरीस पहाटे सव्वाचारच्या सुमाराला सहेरी संपते आणि संध्याकाळी सातच्या आत-बाहेर इफ्तार होते. म्हणजे साडेचौदा तासांहून जास्त वेळ पाण्याचा थेंब नाही. डिसेंबरात हाच रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास असतो. उन्हात माती खणणाऱ्या, विटा वाहणाऱ्या मजुराला या दोन-अडीच तासांचा अर्थ विचारा.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्या. रोजेदाराला ऊन लागले, घेरी आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून घाम थांबला, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे. अंग ओल्या फडक्याने पुसावे. तो शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे आणि दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. जीव धोक्यात असेल तेव्हा रोजा सोडायला धर्माची परवानगी आहे. तो दिवस पुढे भरून काढता येतो. गेलेला जीव परत येत नाही.

ज्याला साखरेची बिमारी आहे, रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने रमजान लागण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत.

गैरसमज काढून टाकू

चावडीवर बसले की कोणी तरी विचारतोच.

"काऊन जी चाचा, रोज्यात थुंकीही गिळत नाही म्हणतात. खरं हाय काय?"

"नाही रे बाप्पा. आपल्या तोंडातली थुंकी गिळल्यानं रोजा तुटत नाही."

"अन् आंघोळ?"

"आंघोळ कर. तोंड धू. पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच."

"अन् भुलून पाणी पेलं तर?"

"भुलून पेलं तर रोजा कायम. आठवलं की थांबायचं. जाणूनबुजून पेलं तर तुटला."

चाचांनी सांगितले ते खरे आहे. आणखी एक गोष्ट. रोजेदारापुढे कोणी जेवले तर त्याचा रोजा बिघडत नाही. शेतात दुपारी भाकर सोडताना लाजून दूर जाण्याचे कारण नाही. पण त्याला "एक घोट घे ना, कोण पाहते?" असे मात्र म्हणू नये. ती थट्टा नव्हे. रोजा माणूस लोकांना दाखवायला ठेवत नाही. कोणी पाहत नसतानाही तो घागरीकडे हात नेत नाही, हाच रोज्याचा सारा अर्थ आहे.

पोटाबरोबर जिभेचाही उपवास

नुसते उपाशी राहिले म्हणजे रोजा झाला, असे मुसलमान मानत नाहीत. खोटे बोलू नये. चहाडी करू नये. भांडण काढू नये. वजनात मारू नये. कोणी भांडायला आला तर आपला रोजा आहे असे सांगून बाजूला व्हावे. जिभेने वाईट बोलायचे आणि पोटाने उपाशी राहायचे, तर पदरात नुसती भूक पडते. हीच गोष्ट आपले संतही उपवासाबद्दल सांगत आले आहेत.

वाचनाचा महिना

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. आपण मोठेपणी अक्षरे शिकलो. महंमद पैगंबरांना लिहिता-वाचता येत नव्हते, असे मुसलमान परंपरेने मानतात. ते चाळीस वर्षांचे असताना हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. तो महिना रमजानचाच होता. आणि त्या संदेशातली पहिली आज्ञा होती वाचण्याची. त्यात लेखणीचाही उल्लेख आहे.

ज्या रात्री हा संदेश आला तिला शब-ए-कद्र म्हणतात. ती शेवटच्या दहा रात्रींतली एक मानतात. आपल्याकडे बहुतेक लोक सत्ताविसावी रात्र जागवतात. काही जण शेवटचे दहा दिवस मशिदीतच राहून प्रार्थना करतात. त्याला एतिकाफ म्हणतात.

दुसरी गोष्ट बद्रच्या लढाईची. इ. स. ६२४ साली रमजानमध्येच ही लढाई झाली. मक्केचे काही लोक कैद झाले. सुटकेसाठी पैसे भरावे लागत. पण काहींजवळ पैसे नव्हते. त्यांतल्या ज्यांना लिहिता येत होते त्यांना सांगण्यात आले की मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवा आणि घरी जा. ही हकिकत जुन्या ग्रंथांतून सांगत आले आहेत. अक्षराची किंमत पैशाएवढी धरली गेली. आपण एकाला शिकवले तर आपणही कोणाची तरी एक बेडी सोडवली असे समजावे.

आपल्याच वर्धा जिल्ह्यात पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबा भावे राहत. ते हिंदू घरात जन्मले. त्यांनी अरबी भाषा शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला. निवडक भाग काढून त्यांचे 'कुराण-सार' १९६२ साली प्रसिद्ध झाले. सेवाग्रामला गांधीजींच्या प्रार्थनेत गीतेबरोबर कुराणातला भागही म्हणत. समुद्रपूर तालुक्यात गिरडला शेख फरीद बाबांच्या दर्ग्यावर हिंदूही जातात, मुसलमानही जातात. शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याची चाल आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

चाळिसावा हिस्सा

जकात कधीही देता येते. पण पुष्कळ लोक ती रमजानमध्ये देतात. ती सर्वांवर नाही. ज्याच्याजवळ कर्ज वजा जाऊन साडेसात तोळे सोने, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर असते, त्याच्यावर ती आहे. राहते घर, रोजचे कपडे, कामाची अवजारे यांत मोजत नाहीत.

जकात किती? शेकडा अडीच. म्हणजे चाळिसावा हिस्सा. हिशेब करून पाहू. समजा एका व्यापाऱ्याची शिल्लक ५,००,००० रुपये आहे. त्याला १,००,००० रुपये देणे आहे. उरले ४,००,०००. त्याला ४० ने भागले. जकात झाली १०,००० रुपये. ही रक्कम गरिबाला, कर्जात बुडालेल्याला, अडलेल्या प्रवाशाला देता येते. आपल्या आईबापांना किंवा मुलांना ती देता येत नाही. त्यांना सांभाळणे हे तर आपले कर्तव्यच आहे.

ईदच्या नमाजआधी आणखी एक दान द्यायचे असते. त्याला फितरा म्हणतात. घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, दीड ते दोन किलोच्या जवळपास गहू किंवा त्याची किंमत देतात. हेतू असा की ईदच्या दिवशी गरिबाच्याही घरी चूल पेटावी. दिवसभर उपाशी राहून ज्याला भूक कळली, त्याने भुकेल्याला विसरू नये.

चाँद आणि ईद

मुसलमानी तारीख सूर्य मावळल्यावर बदलते. २९ रोजे झाले की संध्याकाळी सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. चाँदाची बारीक कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसली तर ३० रोजे पुरे करायचे. २०२३ साली २९ रोजे झाले आणि २२ एप्रिलला ईद झाली. २०२४ साली ३० रोजे झाले आणि ११ एप्रिलला ईद झाली. २०२५ साली पुन्हा २९ झाले आणि ३१ मार्चला ईद आली. म्हणून कॅलेंडरात छापलेली ईदची तारीख एखाद्या दिवसाने चुकू शकते.

ईदला सकाळी आंघोळ करून, चांगले कपडे घालून, ईदगाहवर किंवा मशिदीत नमाज पढतात. नमाज झाली की गळाभेट. मग शेवया, दूध, खारका आणि सुकामेवा घातलेला शीरखुर्मा. ईदच्या दिवशी रोजा ठेवायचा नसतो. तो दिवस खाण्याचा आणि खिलवण्याचा.

आपण काय करावे

शेजाऱ्याचा रोजा सोपा करणे आपल्या हाती आहे. त्याला फार खर्च लागत नाही.

शेतमालकाने रोजेदार मजुराला जड काम सकाळच्या थंड वेळी द्यावे. संध्याकाळी अर्धा तास आधी सोडावे. ग्रामसभेची किंवा बचत गटाची बैठक ऐन इफ्तारच्या वेळेला ठेवू नये. रोजेदारानेही पहाटेची दुसऱ्याची झोप, परीक्षेची मुले, घरातला आजारी माणूस यांचा विचार ठेवावा. भोंग्याचा आवाज बेताचा असावा. हाच नियम गणपतीच्या आणि लग्नाच्या वाजंत्रीलाही लागू आहे, हे आपणही विसरू नये.

इफ्तारला कोणी बोलावले तर जावे. संकोच वाटत असेल तर चार केळी घेऊन जावे. ईदला "ईद मुबारक" म्हणावे. ईद शुभ होवो, असा त्याचा अर्थ आहे.

आम्हांला एवढेच सांगायचे आहे. ज्याच्याबद्दल आपल्याला ठाऊक नसते, त्याच्याबद्दल कोणीही काहीही सांगितले तरी आपल्याला खरे वाटते. ज्याच्या घरची सहेरी आणि इफ्तार आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याबद्दल खोटे सांगणाऱ्याला आपण लगेच विचारतो, "हे तुला कोणी सांगितलं?" गावातली कित्येक भांडणे या एका प्रश्नाने थांबतात.

प्रश्न

१. रमजान दरवर्षी किती दिवस आधी येतो? का?

२. रोजा कोणाकोणाला माफ आहे?

३. रोजेदाराला ऊन लागले तर काय करावे?

४. कर्ज वजा जाऊन वर्षभर राहिलेली शिल्लक ६,००,००० रुपये असेल, तर जकात किती होईल? कागदावर हिशेब करा.

५. तुमच्या शेजारच्या एखाद्या रोजेदाराला विचारून आजची सहेरीची आणि इफ्तारची वेळ लिहून आणा. रमजान नसेल तर पुढचा रमजान कधी येईल ते विचारून लिहा.